झाकणावरचा राखणदार

गिरणी बंद पडली तेव्हापासून शिवदास परबला धड झोप नव्हती. साच्यांच्या खडखडाटात अर्धं आयुष्य काढलेला माणूस, शांततेत त्याचा डोळाच लागेना. संपानंतर इकडे तिकडे हात मारून झाल्यावर त्याला घाटकोपरच्या पूर्वेला, खाडीकाठच्या डंपिंगवर रखवालदाराचं काम मिळालं. कचऱ्याची कसली आली रखवाली, असं म्हणून चाळीतले लोक हसले. पण राखायचा होता तो कचरा नव्हे, कचऱ्याखालून जाणारी गटारलाइन.

डंपिंग दरवर्षी पसरत होतं आणि त्याच्या वाटेत ही जुनी लाइन जमिनीत पुरलेली होती. शिवदास राहायचा त्या भराव चाळीसकट सगळ्या वस्तीची घाण ती खाडीकडच्या पंपापर्यंत न्यायची. ओव्हरसियर मधुकर कारखानीस यांनी पहिल्याच दिवशी त्याला लाइनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नेलं.

"हे बघा परब, वर ढीग चढला की पाइप दबून फुटणार. मेनहोलची झाकणं गाडली गेली तर तुंबलेलं काढायला वाटच उरणार नाही. मग ते पाणी उलटं फिरून कुठे येईल? तुमच्या मोरीत."

हे शेवटचं वाक्य शिवदासच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. त्याने लाइनीच्या दोन्ही अंगांना चुना लावलेले दगड मांडले, बुलडोझरने ते ढकलले. त्याने काठ्यांना लाल फडकी बांधली, ती कुणीतरी गाड्या पुसायला नेली. तो ट्रकसमोर आडवा उभा राहून ओरडायचा आणि ड्रायव्हर हसत हसत पाठचा फाळका उघडायचे. सगळ्यांना घाई, आणि रिकामी करायला सोयीची जागा नेमकी लाइनीवरची. जेवणाच्या सुट्टीतही शिवदास बसत नसे. डबा हातात धरून येरझाऱ्या घालत जेवायचा.

शेवटी त्याला गावची सीमा आठवली. तिथे एका साध्या दगडात राखणदार असतो. त्याच्या हद्दीत दांडगटातला दांडगट माणूसही थुंकत नाही. एका दुपारी सगळे जेवायला गेलेले बघून शिवदासने घरच्या फडताळातला शेंदराचा डबा आणला, शेंदूर तेलात कालवला आणि प्रत्येक झाकणाशेजारी एकेक दगड माखून उभा केला. लाइन जिथे वळते तिथल्या झाकणावर ढीग सगळ्यात आधी चढला असता. तिथला दगड त्याने मोठा निवडला आणि थेट झाकणावरच ठेवला.

चंद्रप्रकाश नावाचा ड्रायव्हर ट्रक मागे घेत आला आणि थबकला. "काका, हा कोण देव?"

"राखणदार. जागेचा मालक."

चंद्रप्रकाशने चपला काढून हात जोडले आणि गाडी दुसरीकडे नेली. दुसऱ्या दिवशी येताना नारळ आणला. आठवडाभरात लाइनीचा पट्टा असा मोकळा झाला, की कारखानीस बघतच राहिले. "देव ठेवा नाहीतर भूत ठेवा, लाइन राहिली म्हणजे झालं," म्हणाले. साहेब मोठा व्यवहारी माणूस.

आता तरी शिवदासने पाय पसरून झोपायचं की नाही? पण तो पडला अस्सल मालवणी. राखणदाराची कुणी चेष्टा करत नाही, आणि आपण तर सरळ खोटा उभा केला, हे त्याला आतून कुरतडायला लागलं. त्यात चाळीतल्या बायका तिकडे फुलं वाहायला जाऊ लागल्या. त्याची बायको शेवंती तर दर सोमवारी. वळणावरच्या दगडाला तिने नवस बोलल्याचंही त्याच्या कानावर आलं. कशाचा, ते ती सांगेना. खरं सांगावं तर बायकोच्या मनातून उतरू, न सांगावं तर रोज तिला फसवू. शिवदासची पार घुसमट झाली.

शिमग्याला तो गावी गेला. परत येऊन बघतो तर वळणावरच्या झाकणावर विटांचा चौथरा बांधलेला, त्यावर पांढऱ्या फरशा आणि फरशांत सिमेंटने पक्का बसवलेला त्याचा दगड. चाळीच्या मंडळाचा नंदू अभिमानाने उभा होता.

"काका, झकास झालंय ना?"

"झकास," शिवदास म्हणाला आणि वाकून फरशांत फट शोधू लागला. झाकण आता उघडणार कसं?

कारखानीसांनी चौथरा पाहून कपाळाला हात लावला. वरच्या ऑफिसात त्यांनी कळवलं, पण देवाच्या वाटेला कोण जाणार? तेव्हापासून शिवदास रोज सकाळी आधी मोरीत वाकून बघायचा आणि मग चूळ भरायचा.

गणपती होऊन गेले आणि व्हायचं तेच झालं. सकाळी मोरीतून काळं पाणी उलटं वर आलं. चाळीत आरडाओरडा झाला, पोरं कॉटवर चढवली गेली. कारखानीस माणसं घेऊन आले. वरच्या मेनहोलातून बांबूच्या लांब कामट्या सरकवल्या, त्या वळणाशी जाऊन अडल्या. वळणावरचं झाकण उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"देवाला पहार लागू देणार नाय," नंदू आडवा आला. त्याच्यामागे निम्मी चाळ.

"अरे, तुझ्याच घरात पाणी शिरलंय ना?" कारखानीस म्हणाले.

"शिरूदे. देवाचा कोप कोण निस्तरणार, तुम्ही?"

कारखानीसांनी शिवदासकडे पाहिलं. 'हा देव मीच मांडला' असं म्हणून मोकळं व्हावं, तर आता कोणी विश्वासही ठेवला नसता. तो पुढे झाला. "कौल लावया. देव म्हणात तसा."

कौलाला नंदूही तयार झाला. ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या दगडाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर देव उठायला राजी, डावी पडली तर नाही. शिवदासने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," चाळ म्हणाली.

"तुझ्या पायाखालची वाट अडली हा. लेकरांच्या घरात घाण शिरली हा. वायच बाजूक बस रे म्हाराजा. जी काय चूक झाली, ती माझी हा, ह्या लोकांची नाय." खोट्या दगडापुढे तो खरंखुरं मागत होता.

"होय म्हाराजा."

पाकळ्या ढिम्म. ऊन वर आलं. मग डावी जराशी सुटल्यासारखी झाली.

तेवढ्यात पाण्याची कळशी घेऊन शेवंती गर्दीतून पुढे आली. "देवाक सकाळपासून कोणी आंघोळ घातल्यान? पारोसो देव बोलतलो कसो?" असं म्हणून कुणी काही बोलायच्या आत तिने दगडावर धार धरली. धार सोडताना हात कुठे वळवला, ते तिचं तिलाच ठाऊक. उजवी पाकळी घसरून खाली आली.

"उजवो कौल," शेवंती म्हणाली. नंदूनेच पहिली पहार मारली.

दगड सन्मानाने बाजूला बसला, चौथरा फुटला, झाकण निघालं. माणसांनी आतून चिंध्या आणि गाळ ओढून काढला. दुपारपर्यंत मोऱ्यांतलं पाणी गुडगुड करत खाली गेलं. घरं धुऊन झाली तशी शेवंतीने चहा ठेवला.

"हात वळवलंस तू," शिवदास हळूच म्हणाला.

"शेंदराचो डबो अर्धो झालो, तेवाच माका कळला. घरात दुसरो कोण हा शेंदूर नेणारो?"

"कळला, तर नवस कित्याक बोललंस?"

"दगड तुमी ठेवलात तर काय झाला? लाइन राखता मा तो?" तिने कप पुढे सरकवला. "तुमका झोप लागूंदे, म्हणान बोललंय. गिरण बंद झाल्यापासून रात्रभर कूस बदलतास. मी काय बघणंय नाय?"

शिवदासने कप खाली ठेवला. तो उठला. "वळणावर आता काय नाय. झाकण उघडा पडला हा. पयलीच गाडी थय रिकामी होतली."

"पडा वायच. मगे जावा."

तो नुसता टेकला आणि झोपला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. शेवंती घरात नव्हती, फडताळात शेंदराचा डबाही नव्हता. तो धावतच वळणावर गेला. झाकणावर ओल्या शेंदराचा नवा दगड होता. लहान, एका हाताने उचलता येईल असा. सिमेंट नाही, फरशी नाही. शेजारी शेवंती पदर खोचून बसली होती.

समोर चंद्रप्रकाश आपला भरलेला ट्रक दुसरीकडे वळवत होता.

"ह्येका चौथरो बांधूक देऊचो नाय," शेवंती म्हणाली. "नंदूक मी सांगलंय, हो देव फिरतो हा. तुमका झोप लागली?"