झोका धरल्यावर

सोसायटीच्या बागेत शेजारची मीनल लेकीला झोका देत होती. सहा वर्षांची इरा ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. मधेच मीनलने झोका धरला आणि नुसती तिच्याकडे पाहत राहिली. मला राहवलं नाही.

"अगं, तिला अजून हवाय."

"हो काकू, पण तिला सांगू दे."

बऱ्याच वेळाने इराने आईच्या मनगटावर बोटं टेकवली. "अजून? देते हं," म्हणत मीनलने झोका सोडला.

आम्ही बोलणारी माणसं समोरच्याचं वाक्यही पुरं होऊ देत नाही. इथे एका स्पर्शासाठी आई सगळी संध्याकाळ थांबायला तयार होती.

मग मीनलने मला झोका द्यायला सांगितलं. थोड्या वेळाने मीही तो धरला आणि गप्प राहिले. इराची नजर झाडांवरून फिरत माझ्या चेहऱ्यावर आली, क्षणभर थांबली.

"कळलं गं मला," मी म्हटलं आणि झोका सोडला.