पुण्याहून आलेला मुलगा

निखिल सुटला त्या दिवशी फाटकापाशी मी उभी होते. तो बाहेर आला. त्याचे वडील आले नाहीत. त्यांनी माझ्याकडे सुटकेस पाठवली होती.

सुटकेसला विमानाचा टॅग होता. आत नवे शर्ट आणि वेम्ब्लीतल्या दुकानातून आणलेली बाकरवडी. कारण लंडनच्या पिनर भागातल्या मराठी मंडळींना सांगितलेलं होतं की निखिल मामाकडे पुण्याला शिकायला गेलाय. तो होता तरुण गुन्हेगारांच्या तुरुंगात, लोकांच्या गाड्या चोरल्याबद्दल. आता त्याला पुण्याहून परत यायचं होतं.

मी वॉटफर्डला लायब्ररीत नोकरी करायचे आणि प्रोबेशनवाल्यांची व्हॉलंटिअर होते. सुटलेल्या मुलाला घरी पोचवायचं, मग काही महिने भेटत राहायचं. कॉलेज, जॉब सेंटर, जिथं अडेल तिथं सोबत जायचं. मराठी मुलगा निखिल हाच पहिला.

कारमध्ये त्यानं टॅग वाचला. "मावशी, हा सुटकेस कोणाचा?"

"तुझी. बाबा म्हणालेत, पुण्याहून आलो म्हणून सांग."

"पुण्यात काय खाल्ला मी?"

"मला काय विचारतोस? मी नागपूरची."

"ग्रेट. दॅट्स नो हेल्प."

मी नागपूर सोडलं तेव्हा आई स्टेशनवर म्हणाली होती, "कोणी विचारलं तर आडनाव सांग. एकदा लपवलंस की रोज लपवावं लागेल." जय भीम म्हणणाऱ्या घरातली बाई ती, कशाबद्दल बोलतेय ते मला समजावून सांगावं लागलं नाही. पिनरमध्ये पहिल्याच गणपतीला मला आडनाव विचारलं गेलं. मी सांगितलं. काहींनी तेव्हा विषय बदलला, तो आजवर बदललेलाच आहे. आईचं ते बोलणं त्या दिवशी मी निखिलला कारमध्ये सांगितलं.

त्याच्या घरी लाउंजमध्ये माणसं मुद्दाम बोलावली होती. वडिलांनी दार उघडलं आणि आतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "फ्लाइट लेट झाली का रे?" आई ओवाळायला तबक घेऊन उभी होती.

"किती वाळलास," सोफ्यावरच्या काकू म्हणाल्या. "मामीनं उपाशी ठेवलं की काय? पुण्याला असं नसतं हो, पाहुणा असला तर." सगळे हसले.

निखिलनं सुटकेस खाली ठेवली. "काकू, मी पुण्यात नव्हता. मी जेलमध्ये होता."

मग त्याचे वडील माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, याला घेऊन जा."

"कुठं?"

"ते तुम्ही बघा. तुम्हीच पढवलेला दिसतोय."

त्याच्या आईच्या हातातलं निरांजन पेटलेलंच होतं. तिनं पाऊल पुढं टाकलं नाही.

प्रोबेशनच्या हॉस्टेलला जाताना आम्ही सुटकेसमधली बाकरवडी खाल्ली. पुढं तो लीड्सला गेला, गॅरेजमध्ये लागला. "पूर्वी न्यायचा, आता रिपेअर करतो," म्हणायचा. रविवारी फोन करायचा आणि शेवटी विचारायचा, "आईनं काही विचारला का?" खोटं बोलायचं नाही असं मीच त्याला शिकवलेलं, मग नाही म्हणायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात तो न्यूमोनियानं गेला. अंत्यविधीसाठी वडिलांनी त्याला पिनरला आणलं. तेव्हा आणलं.

शोकसभेत मराठी मंडळाचे एक गृहस्थ बोलायला उठले. "पुण्याहून आल्यापासून त्याला इथली हवा मानवली नाही." माना हलल्या. त्या लाउंजमध्ये बसलेल्यांच्याही हलल्या. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण तिथं होतात. तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि तरी मान हलवलीत. जिवंतपणी त्याला घरात घेतलं नाही ते खरं बोलला म्हणून, आणि तो गेल्यावर तेवढं एक वाक्यही त्याच्याकडून काढून घेतलंत.

मी उभी राहिले. "तो पुण्यात नव्हता," एवढंच म्हणाले.

"ताई, ही काय वेळ आहे का?" कोणीतरी म्हणालं.

कोणती वेळ होती, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

नागपूरला आता आई नाही. पिनरला मी जात नाही. घर म्हणून मला वॉटफर्डचा हा फ्लॅट आहे, आणि दारावर माझं पूर्ण आडनाव आहे. त्यानं लीड्सला न नेलेली सुटकेस माझ्याकडे आहे. तिचा टॅग मी काढून टाकला.