कुंदामावशी आणि तुळईवरचा कोट

कुंदामावशींच्या मुलाचा, नीलेशचा फोन आला तेव्हा मी सर्जरीत बसून फ्लूच्या लसीसाठी बोलवायच्या पेशंटांची यादी करत होते. सर्जरी म्हणजे इथं इंग्लंडातला फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना. मी तिथं मॅनेजर आहे. "वृंदाताई, आई गेली. सव्वानऊला. शांतपणे गेली," एवढंच तो म्हणाला. हातात पेन होतं, म्हणून सवयीनं मी यादीच्या कडेला ९.१५ लिहिलं. त्या आकड्यापुढे काय लिहायचं ते मात्र सुचेना. कुंदामावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, "आकडा लिहिलास ना? मग पुरे. कारण नंतर शोधू."

मावशी मूळच्या मिरजेच्या. फिजिओथेरपिस्ट म्हणून तरुणपणी ग्लासगोला आल्या आणि तीस वर्षं तिथल्या हॉस्पिटलात अर्धांगाचा झटका आलेल्या माणसांना पुन्हा उभं करत राहिल्या. निवृत्त झाल्यावर लंडनच्या कडेला, पिनरला आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायला आल्या. मराठी पक्कं मिरजेचं आणि इंग्रजी पक्कं ग्लासगोचं. फोनवर "जस्ट अ वी मिनिट" म्हणाल्या की आमच्या रिसेप्शनच्या मुलींना कुणी स्कॉटिश आजीच वाटायची. प्रत्यक्षात समोर यायच्या त्या पाच फुटांच्या, नाकावर घसरलेला चष्मा लावलेल्या, सुती साडीवर अनोरॅक, म्हणजे टोपीचं पावसाळी जाकीट घातलेल्या बाई. या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं असतील. माझी मुलगी ऋचा तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी स्काउट हॉलमध्ये ज्युडोला जायची. एका मंगळवारी मावशींना वाटेतल्या लायब्ररीत सोडायचं होतं. लायब्ररी बंद निघाली. "चल, बघू तरी काय असतं ते," म्हणून त्या आमच्याबरोबर हॉलवर आल्या आणि पुढची दोन वर्षं येतच राहिल्या.

बाकीचे पालक पेपर वाचत, मी याद्या करत असे. मावशी फक्त बघायच्या. प्लास्टिकच्या खुर्चीत पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. असे चार आठवडे गेले. मग एक दिवस उठून त्या सरळ टेरीकडे गेल्या. टेरी म्हणजे मुलांचा कोच. दिवसा बॉयलर दुरुस्त करायचा.

"तुझ्या मुली पडतात छान," मावशी म्हणाल्या. "फेकतातही बऱ्या. पण शेवटच्या मिनिटाला समोरचीचा कोट हातातून सोडतात. का?"

"दमतात."

"पाय नाही दमलेले. बोटं दमलीत. बोटांसाठी तू काय करून घेतोस?"

टेरीनं मान खाजवली. "खरं सांगू? काहीच नाही."

"मग मी बघू?"

ज्युडोत अंगावर जाड पांढऱ्या सुती कापडाचा कोट असतो आणि सगळा खेळ समोरच्याची कॉलर नि बाही धरण्यावर चालतो. पकड सुटली की डाव संपला. मावशींनी हॉलच्या तुळईवरून टेरीचा एक जुना कोट टाकला आणि मुलींना त्याच्या दोन्ही कडा मुठीत धरून अंग वर खेचायला लावलं. पाठीवर जोडीदारीण घेऊन बैठका, आणि ओले टॉवेल पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत पिळणं. एवढेच तीन प्रकार. शिवाय ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र. ग्लासगोहून आणलेला पट्टा त्या गुंडाळून त्याचा मुठीएवढा गोळा करायच्या, त्यात जरा हवा भरायच्या आणि मुलीला म्हणायच्या, "आवळ." काट्यावरची सुई वर जायची. "हाताची ताकद मोजायला वेगळं मशीन मिळतं, पण आमच्या वॉर्डात ते कायम कुणीतरी नेलेलं असायचं," मावशी सांगायच्या. दर मंगळवारी सगळ्यांची पकड मोजायची आणि लिहायची. लिहिणारी अर्थात मी. ऋचाचा पहिला आकडा होता एकशे नव्वद.

मावशींचा नियम एकच होता: शेवटचा करायचा नाही. मुलीच्या अंगात दहा खेचण्या असतील तर नवव्याला त्या "बास" म्हणायच्या. दहा आहेत की सात, हे त्या आधी ठरवत नसत. समोर उभं राहून बघायच्या. मी एकदा विचारलं, "तुम्हाला कळतं कसं, एकच राहिलाय ते?" तर म्हणाल्या, "कान बघ. खांदे कानाला भिडायला लागले की समजायचं." हा नियम त्यांनी पेशंटांवरून घेतला होता. पेशंटला पार थकेपर्यंत चालवलं की दुसऱ्या दिवशी तो पलंगावरून उतरायलाच तयार नसायचा, आणि एक पाऊल अंगात राखून थांबवलं की स्वतःहून चपला शोधायचा. टेरीला याची गंमत वाटायची. "माझ्या वेळी आम्ही उलटी होईपर्यंत मोजायचो," तो म्हणाला. "दिसतंय ते," मावशी त्याच्या दुखऱ्या खांद्याकडे बघत म्हणाल्या.

आता माझं सांगते. मला अर्धी यादी बघवत नाही. वाणसामानातली एक गोष्ट राहिली तर मी पुन्हा गाडी काढते. मावशींच्या वहीत मी दर वेळी लिहायचे, 'ऋचा, ९, राहिलेला १', आणि तो राहिलेला मला रात्रंदिवस टोचायचा. तीन प्रकार, प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे एका दिवसाचे नऊ राहिले. ऋचा काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला मार्चमध्ये बसणार होती. ऑक्टोबरात मी आमच्या गॅरेजच्या तुळईवर टेरीकडून मागून आणलेला दुसरा जुना कोट टाकला आणि चहा नि होमवर्क यांच्या मधल्या वेळेत ते नऊ पूर्ण करून घ्यायला लागले. ऋचाला सांगितलं, "मावशीआजींनीच सांगितलंय, फक्त तुझ्यासाठी. बाकीच्या मुलींसमोर बोलू नकोस." वेगळी वही घातली. दोन आठवड्यांत नऊ सहज व्हायला लागले. मग माझ्या डोक्यात आलं, सहज झाला तो शेवटचा कसा असेल? खरा शेवटचा तर पुढे असणार. म्हणून बारा. मग पंधरा. डिसेंबरपर्यंत रोज पाऊण तास मी त्या खऱ्या शेवटच्याच्या मागे होते, आणि पोरगी बिचारी लोंबकळत होती. "आई, माझा हात दुखते," ती म्हणायची. इथं वाढलेल्या मुलांचं मराठी असंच. मी तिचं मराठी दुरुस्त करायचे.

मावशींच्या वहीत ऋचाचा आकडा आधी दोनशे पंधरापर्यंत चढला. मग दोनशे. मग एकशे ऐंशी. मावशी चक्रावल्या. चिडल्या नाहीत, त्यांना कोडं पडलं की त्या तरुण दिसायच्या. झोप विचारली, जेवण विचारलं, रक्तातलं लोह तपासायला लावलं. बैठका आधी घेऊन बघितल्या, टॉवेल बंद करून बघितले. यंत्रच बिघडलंय का म्हणून माझी मूठ आवळून घेतली. दोनदा मला गाडीत विचारलं, "घरी काही वेगळं चाललंय का गं?"

दोन्ही वेळा मी "नाही" म्हणाले. पहिल्यांदा वाटलं, परीक्षा झाली की सांगू. दुसऱ्यांदा, आता सांगायला उशीर झाला.

मार्चमध्ये परीक्षेच्या दुसऱ्याच लढतीत ऋचाच्या हातातून समोरच्या मुलीची बाही सुटली. मी वर गॅलरीत होते. मला तिची बोटं उघडताना दिसली, एकेक करून… परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. मावशी पुढे, माझ्या शेजारी.  वॉटफर्डजवळ मावशी म्हणाल्या, "चूक माझी आहे गं ऋचा. म्हाताऱ्या पेशंटांचं शास्त्र मी तरुण पोरींना लावलं." मी इंडिकेटर लावला आणि वळण घेतलं. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. नंतर टेरीला फोन करून सांगितलं, नवा कुणीतरी बघ. नवा आला, लोखंडी वजनं घेऊन, शेवटचा नाही तर शेवटच्यापुढचाही करून घेणारा. इकडे मी घाबरून गॅरेजातलं सगळं बंद केलं होतं, त्यामुळे रोजचा विसावा मिळून ऋचाची पकड आपोआप परतली. वर्षभरात तिला काळा पट्टा मिळाला. श्रेय साहजिकच नव्या मुलाला गेलं. पट्टा दाखवायला आम्ही मावशींकडे गेलो तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "चांगला आहे हं तो मुलगा. काय करून घेतो, मला लिहून आणशील?" मी आणलं लिहून. त्यांनी ते वाचलं, घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं.

त्या परीक्षेपासून साडेचार वर्षं अशी गेली. ऑगस्टमध्ये मावशींच्या फुप्फुसांनी हात टेकले आणि त्या हॉस्पिटलात गेल्या. मी भेटीच्या वेळा लिहून घेतल्या आणि एका दुपारी, ऑक्सिजनची नळी नाकाला असलेल्या त्या छोट्या चेहऱ्याकडे बघत सगळं सांगून टाकलं. कोट, नऊ, बारा, पंधरा, 'मावशीआजींनीच सांगितलंय'. माफी मागायची वाक्यंही तयार करून नेली होती. तिथवर त्यांनी मला पोचूच दिलं नाही.

"थांब. कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"रोज?"

"रविवार सोडून… नाही, रविवारीसुद्धा."

"वही ठेवली असशील."

"हो."

"तू नाही ठेवणार तर कोण. उद्या घेऊन ये. आणि माझीपण आण, कपाटात खालच्या खणात आहे."

दुसऱ्या दिवशी दोन्ही वह्या पांघरुणावर शेजारीशेजारी उघडून त्या बोट फिरवत राहिल्या. दम लागला की बोट तिथंच ठेवून थांबायच्या, मग पुढे. "हे बघ. पहिले तीन आठवडे आकडा वाढलाय. तू खूश झाली असशील."

"झाले होते."

"मीपण झाले असते. आणि मग इथून… बघ, तू बारा केलेस तिथून दहा दिवसांनी उतार. शरीर दहा दिवस काही बोललंच नाही गं. गंमत आहे." त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा त्या हॉलमधल्या खुर्चीतला होता. "म्हणजे नियम बरोबर होता."

"मावशी, मी तेव्हाच सांगायला…"

"हो. तेव्हाच सांगायला हवं होतंस," त्या म्हणाल्या. सरळ, आवाज न चढवता. "चार वर्षं मला वाटत होतं, मी एका पोरीचे हात खराब केले."   मग त्यांनी वह्या मिटून माझ्याकडे सरकवल्या. "आता टेरीला सांग. आणि ऋचाला. मला नको, मला कळलंय."

टेरीला मी कॉरिडॉरमधूनच फोन केला. त्यानं फक्त वॉर्ड नंबर विचारला. शनिवारी तो तिथं आला, बॉयलरवाल्याच्या निळ्या कपड्यांतच. मावशींनी त्याला दोन्ही वह्या दाखवल्या, आणि तो निघताना त्याचा दुखरा खांदा फिरवून बघितला. ऋचाला सांगणं त्याहून अवघड गेलं. ती शेफील्डला शिकत होती.  फोनवर म्हणाली, "आई, आय थॉट शी जस्ट डिडन्ट लाइक मी एनीमोअर." त्या आठवड्यात ट्रेननं येऊन ती मावशींजवळ बसली. काय बोलल्या दोघी, मी विचारलं नाही. नंतर नर्सनं सांगितलं, म्हातारीनं ब्लडप्रेशरचा पट्टा मागून घेतला होता आणि दोघी आळीपाळीनं मूठ आवळत होत्या. त्यानंतर नऊ दिवसांनी नीलेशचा तो फोन आला.

नीलेश लंडनच्या दुसऱ्या टोकाला, इल्फर्डला राहतो. "याद्या तुम्हीच करता ना," म्हणून मावशींच्या मागची कामं त्यानं माझ्याकडे दिली. अकरा निघाली. लायब्ररीची पुस्तकं परत, कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला कळवणं, साड्या मराठी मंडळाला, ब्लडप्रेशरचं यंत्र टेरीला. यंत्र हॉलवर पोचलंय आणि मंगळवारी पुन्हा मुठी मोजल्या जाताहेत; टेरी स्वतः मुलींच्या खांद्यांकडे डोळे लावून उभा असतो. शेवटचं, अकरावं काम होतं आमच्या गॅरेजातला कोट उतरवून क्लबला परत देणं. तो अजून तुळईवरच आहे. कडा ताणून हातभर लांब झाल्यात, त्यांवर ऋचाच्या बोटांचे राखाडी डाग आहेत.

गेल्या रविवारी ऋचा आली होती. धुणं मशीनला लावून ती गॅरेजात गेली, कोटाच्या कडा धरल्या आणि अंग वर खेचायला लागली. मी दारात उभी राहून मनात मोजत होते. आठव्याला खांदे कानांशी गेले. तिनं हात सोडले आणि खाली उतरली.

"काय बघतेस, आई?"

"काही नाही. चहा टाकते."

यादी फ्रिजवर लावलेली आहे. दहा कामांपुढे खूण केली आहे.