तांब्याच्या खाणीत बाबांसोबत

दिवाळीनंतर बाबांना घेऊन आमची जुनी तांब्याची खाण पाहायला गेले. ती बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. मग बाबा गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीवर लागले आणि आम्ही तिकडचेच झालो. आता तिथे बगीचा झालाय हे कळल्यावर बाबाच म्हणाले, "चाल, पाहून येऊ. पोट्टे झोके खेळून राह्यले म्हणते तिथी."

आमची क्वार्टरं होती तिथे आता हिरवळ आहे, घसरगुंड्या आहेत. मोठ्या खड्ड्यात पाणी साठून तलाव झालाय आणि त्यात पायडलच्या होड्या फिरतात. मी आमच्या दाराची जागा शोधत राहिले. पावसाळ्यात त्या दारातल्या मातीतून हिरवे दगड वर यायचे. तांब्याचा दगड हिरवाच दिसतो. आम्ही पोरी त्याची भाजी करून भातुकली मांडायचो. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की खेळ तसाच टाकून बाबांच्या डब्याकडे धाव. त्यातली अर्धी भाकर ते आमच्यासाठी परत आणायचे. खाणीत जाऊन आलेली ती गार भाकर मला चुलीवरच्या गरम भाकरीपेक्षा गोड लागायची.

जुन्या बोगद्याचा थोडा भाग लोकांसाठी उघडा ठेवलाय. आत रंगीत दिवे. मुलं ओरडून आवाज घुमवत होती. बाबा मध्येच भिंतीला हात लावून थांबले. मला वाटलं, दम लागला.

"इथीच दबलो होतो आम्ही," ते म्हणाले.

वरचा दगड कोसळून ते आणि त्यांचा जोडीदार आत अडकले होते. बाहेरच्यांनी माती उपसून काढेपर्यंत संध्याकाळ झाली.

"आईनं कधी सांगतलं नाई मले."

"तिले कुठी माहीत? ती बाळंतपणाले माहेरी होती, धानोऱ्याले. तू व्हायची होती."

"भेव नाई वाटलं?"

"मले त भल्लं भेव वाटलं. पण माहा जोडीदार गप बसूच देये ना. पोरगी झाली त नाव काय ठेवशीन, म्हणे. मी एक सांगो, तो दुसरं सांगे. भांडलो आम्ही अंधारात. तुह्यं नाव त्यानंच ठेवलं."

नाव आत्यानं ठेवलं असंच मी आजवर समजत होते. मी विचारलं, "ते भाऊ आता कुठी रायते?"

ते तलावापलीकडच्याच गावात राहतात, असं बाबा म्हणाले. आम्ही लगेच गेलो. ते अंगणात धान वाळवत होते. बाबांना पाहून आधी नुसतेच उभे राहिले, मग दोघांनी एकमेकांना घट्ट धरलं. मी वाकून पाया पडले. बाबांनी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नावाने हाक मारली.

बगीच्यात ते एकदाही गेले नव्हते. "जिथी घाम गाळला तिथी तिकीट काहाले काढाचं?" म्हणत हसले, पण टोपी घालून निघाले.

दोघं होडीत बसले. एकाचे गुडघे दुखतात, दुसऱ्याचा पाय पायडलवर पोचत नव्हता. होडी एकाच जागी गोल फिरू लागली आणि ते दोघे एकमेकांवर ओरडत, पोट धरून हसत राहिले. शेवटी बगीच्यातल्या माणसाने दोर टाकून त्यांना काठाला ओढलं. उतरायला मात्र दोघंही तयार नव्हते.