दलदलीच्या काठचं घर

कारखान्यात त्याला तोंडावर साहेब म्हणत, पाठीमागे हिरवा साहेब. धुराडं थांबवणं त्याच्या हातात नव्हतं, पण धुराची भरपाई म्हणून झाडं लावणं होतं. ते खातं मिळाल्यापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

झाडांसाठी त्याने निवडली ती गावाबाहेरची दलदल. का, तर म्हणे रिकामी आहे. बेडूक, बगळे आणि शेवाळ यांना तो वस्ती मानत नसे.

माती तपासणाऱ्या बाईंनी परोपरीने सांगितलं, "साहेब, हे कोठार आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचं मेलेलं गवत, शेवाळ पाण्याखाली न कुजता पडून आहे. पाणी काढलंत की हवा आत शिरेल आणि सगळं कुजून हवेत जाईल. तुमची झाडं जेवढा कर्ब गिळतील, त्याच्याहून कितीतरी जास्त."

"चिखलाला कोठार म्हणायचं, बाई, तर उकिरड्याला काय म्हणाल?"

सगळी बैठक हसली. साहेबाच्या विनोदाला हसणारी माणसं त्या कारखान्यात कधी कमी पडली नाहीत.

चर खणले, पाणी वाहून गेलं, रोपं कवायतीला उभी राहिली. एवढ्यावर थांबेल तर तो हिरवा साहेब कसला! त्या रानाच्या काठाला, वाळलेल्या दलदलीवरच, त्याने स्वतःचं घर बांधलं. आई थोरल्या भावाकडे होती आणि भाऊ ऊठसूट म्हणायचा, "तुझ्याच्याने आई सांभाळली जायची नाही." ते त्याला खोटं पाडायचं होतं. आईचे गुडघे गेलेले, म्हणून दाराशी एकच पायरी, तीही बुटकी. आई रोज सकाळी ती उतरून अंगणात उन्हाला बसायची. या एका बाबतीत गडी मनापासून खरा होता, हे मान्य केलंच पाहिजे. बाकी सगळा आनंदच होता.

झाडं पिवळी पडली. बाई म्हणाल्या, "साहेब, कुजणारी माती आधीच नत्र सोडतेय. त्यांना कमी आहे ते दुसरंच काही. तपासू तरी द्या." पण ऐकेल तर शपथ. त्याने युरियाच्या गोण्या रिकाम्या केल्या. झाडं होती तशीच राहिली, चर मात्र हिरवेगार झाले. त्यांतले मासे पोट वर करून तरंगू लागले आणि वास घरात येऊ लागला. तो खिडक्या लावून घेई आणि पाहुण्यांना शुद्ध हवेबद्दल सांगे.

मग जमीन खचायला लागली. घर खोल रोवलेल्या खांबांवर होतं, ते जागचं हललं नाही. भोवतीची काळी माती मात्र वर्षागणिक खाली गेली आणि बुटकी पायरी अधांतरी लोंबू लागली. त्याने खाली दुसरी पायरी बांधली. मग तिसरी. पाचवी बांधून झाली तोवर आईने उतरणं सोडलं होतं. ती दारात खुर्ची टाकून खालच्या उन्हाकडे बघत बसे.

एका सकाळी ती म्हणाली, "मला थोरल्याकडे जाऊ दे. तिथे निदान अंगणात बसता येतं."

त्याने सहावी पायरी, कठडा, उतार, सगळं देऊ केलं. आईने ऐकून घेतलं आणि बोचकं बांधायला सांगितलं.

भाऊ गाडी घेऊन आला. हिरव्या साहेबाने आईला पाठुंगळी घेतलं आणि कठड्याशिवायच्या पायऱ्या एकेक करून उतरू लागला.

"इथली एवढी माती गेली कुठे रे?" आईने कानाशी विचारलं.

बाईंनी सांगितलेलं उत्तर त्याला पाठ होतं. आजवर ते त्याने तोंडातून काढलं नव्हतं.

"हवेत गेली, आई."

"आणि झाडं कशाला लावली होतीस?"

"हवा साफ करायला."

तो शेवटची पायरी उतरला. भावाने गाडीचं दार उघडून धरलं होतं. त्याने आईला हात देऊन आत बसवलं.