आमच्या घरचा शांत आवाज

मी रोज चार ओळी लिहून ठेवतो. पाऊसपाणी, पाहुणे, शाळेत काय झालं, एवढंच. पण नववीच्या पोरांनी एक ॲप बनवायला घेतलं आणि चार ओळींच्या जागी पानं भरू लागली. एक किस्सा लिहून होतोय तोवर दुसरा दारात उभा! वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. प्रत्येक किश्श्यात कौतुक माझ्या बायकोचं.

*

शेलूबाजारच्या शाळेत मी मराठी शिकवतो. नववीतल्या प्रणालीने आणि सुमेधने विज्ञान प्रदर्शनासाठी एक साधं ॲप करायचं ठरवलं. टेन्शन आलं की बटण दाबायचं, डोळे मिटायचे आणि एक आवाज सांगेल तसा श्वास घ्यायचा. ‘परीक्षेची भीती’, ‘घरी भांडण’, ‘झोप येत नाही’ अशी वेगवेगळी बटणं.

आवाज कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. प्रार्थनेनंतरचं मौन इतकी वर्षं मीच घेतो! घसा साफ करून मी रेकॉर्डिंग दिलं. “दीर्घ श्वास घ्यावा. मन एकाग्र करावं.”

चाचणीसाठी सातवीतला एक मुलगा बसवला. त्याने डोळे मिटले, माझा आवाज ऐकला आणि ताडकन उभा राहिला.

“सर, मी वही आनली नाई!”

*

मी हार मानली नाही. घरी पंखा बंद करून, दार लावून, अगदी हळुवार आवाजात पुन्हा रेकॉर्ड केलं. पोरांनी ते मान खाली घालून ऐकलं.

“छान हाये, सर,” प्रणाली म्हणाली. “फक्त कोनी गेलं, असं वाटून राह्यलं.”

*

मग एका रविवारी दोघं घरी आली. ‘सर, तुमचा आवाज नको’ म्हणायला आली होती, हे चेहऱ्यांवरून दिसत होतं. पण तोंड कोण उघडणार? सोफ्याच्या काठावर दोघं काठीसारखी ताठ.

सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पोहे घेऊन बाहेर आली. “काहून असे बसले रे? टेका मांगं. कोनी मारून नाई राह्यलं तुमाले. आधी खा, मंग बोला. नाई बोलले तरी चालते.”

दोघं मागे टेकली. सुमेधने तर चक्क डोळे मिटले! प्रणालीने मोबाइल काढला.

“काकू, हेच पुन्हा म्हना ना!”

माझ्या हातातले पोहे हातातच राहिले.

*

महिनाभरात साऱ्या शाळेच्या कानात सुनंदा. “बस इथं. कायची घाई हाये? श्वास घे. सोड. पेपर कुठं पळून नाई चालला.” मुख्याध्यापक मला म्हणाले, “तुम्ही भाग्यवान! हा आवाज तुम्ही घरी रोज ऐकता.”

त्या संध्याकाळी मी घरी ऐकलेला आवाज असा: “अहो! कानात बोळे घातले काय? नळ आला, टाकी भरा!”

टाकी भरून झाल्यावर मी विचारलं, “मले काहून नाई बोलत त्या आवाजात?”

“तुमाले कायचं टेन्शन हाये?”

*

कारंज्याच्या जीपमध्ये शेजारी कॉलेजचा एक पोरगा बसला होता. इअरफोन कानात, डोळे मिटलेले. फोनच्या पडद्यावर आपलंच ॲप! मला राहवलं नाही. खांदा हलवून सांगितलं, “मिसेसचा आवाज आहे तो. माझ्या.”

त्याने एक डोळा उघडला. “काका, डिस्टर्ब नका करू ना!”

*

पुढे प्रणालीला एक बटण कमी वाटलं. “काकू, मैत्रिणीले जास्त मार्क पडले की पोटात जळते. त्याच्यासाठी काहीच नाई ॲपमंधी.”

सुनंदा मेथी निवडत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मेथी निवडता निवडताच बोलली, “जळून राह्यलं ना? जळू दे. विझते थोड्या वेळानं. तुयी जागा कोनी नाई घेतली. ती तिथंच हाये.”

“काकू, लिहून न घेता कसं सुचलं?” सुमेध म्हणाला.

“सुचलं,” ती म्हणाली आणि मेथीची जुडी संपवली.

*

प्रदर्शन झालं, बक्षीस मिळालं. पेढे द्यायला दोघं घरी आली. कोणतं बटण किती दाबलं जातं, ते त्यांना दिसतं. कुणी दाबलं, ते दिसत नाही.

“जळण्याचं बटण कोनीच दाबून नाई राह्यलं, सर,” सुमेध म्हणाला. “पोट्ट्यायले लाज वाटत असन. फक्त एक फोन हाये. त्याच्यावरून रोज दाबते कोनीतरी. शाळा सुटल्यावर, चहाच्या टायमाले.”

“कोन असन हो, सर?” प्रणालीने विचारलं.

मी पेपर जरा वर धरला. “असेल कुणी.”

स्वयंपाकघरातून आवाज आला. तोच, ॲपमधला.

“त्याले म्हना, चहा ठेवला हाये. बस म्हना इथं. कायची घाई हाये?”