जैसे थे जागेवरच्या भाकऱ्या

बिराजदारमामांनी मला सोलापुरात जगवलं, हे आधी सांगतो. पुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

मी भंडाऱ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इथल्या वीज उपकेंद्रात रखवालदार. एकाच आवारात दोन वीज कंपन्या — मी एकीचा, मामा दुसरीचे ऑपरेटर. मधे थोडी रिकामी जागा, नवी लाइन जोडण्यापुरती. करारानं ती आमचीच, असं दोघींचंही म्हणणं. भांडण वर गेलं आणि हुकूम आला — जैसे थे. निकाल लागेपर्यंत तिथं कुणी पाऊल ठेवायचं नाही.

आता तुम्हीच सांगा, जिथं कुणी पाऊल ठेवत नाही, त्याहून स्वच्छ जागा कुठली? मामींनी मला गावी न्यायला ज्वारीच्या भाकऱ्या दिल्या होत्या. इकडं त्या कडक वाळवतात, खूप दिवस टिकतात. मी तिथल्या खडीवर चादर अंथरली, भाकऱ्या मांडल्या — ओळीनं, अगदी निगुतीनं.

आणि नेमके त्याच दुपारी दोन्हीकडचे साहेब पाहणीला आले. वकिलांसकट. सगळे भाकऱ्यांभोवती गोल उभे. "अतिक्रमण!" एक वकील ओरडला. "कुणाचं ते ठरू द्या," दुसरा म्हणाला. कुणीतरी टेप लावून चादर मोजली. फोटो निघाले.

"कुणाच्या रे ह्या?" आमच्या साहेबांनी मला विचारलं.

नोकरी गेली तर गावात कुठल्या तोंडानं शिरायचं? मी म्हणालो, "तिकडच्या बिराजदारांच्या घरच्या."

खोटं होतं का? पीठ त्यांचं, थापल्या मामींनी. वाळत कुणी घातल्या, तेवढं सांगायचं राहिलं. नाही — राहिलं नाही. मी गिळलं.

मामा समोरच होते. माझ्याकडं एकदा बघून म्हणाले, "व्हय, आमच्याच हायत की."

हुकूम मोडला म्हणून त्यांच्या कंपनीला नोटीस गेली, आणि मामांची बदली सांगोल्याला झाली. आमच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती थाप अजून दुखते.

जाताना मामा एवढंच बोलले, "लेका, खडीवर कोण भाकरी वाळवतंय व्हय? पत्र्यावर घालायच्या."

सांगोल्याची एसटी रोज सुटते. मी अजून बसलेलो नाही — भितो, दुसरं काय? पण एक दिवस बसेन, मामांच्या तिथल्या साहेबांसमोर उभा राहीन आणि सांगेन — त्या मी घातल्या होत्या. मग माझ्या नोकरीचं व्हायचं ते होवो.